दाराशी बोललेला शब्द

१

तळटीप सरांचा दिवस आठ वाजता सुरू होई. जाग पाचलाच येई, पण ती वयाची जाग. दिवस मात्र आठचा. दाढी झालेली, शर्टाची वरची गुंडी लावलेली, चष्मा रुमालानं दोनदा पुसलेला, अशा थाटात ते खिडकीजवळच्या टेबलाशी येऊन बसत. जणू समोर साठ मुलांचा वर्ग आहे आणि मागच्या बाकावर कुणीतरी आधीच हसू दाबतंय.

नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. सर एक वाक्य लिहीत आणि त्याखाली बारीक अक्षरात तीन ओळींची तळटीप देत, म्हणून तळटीप सर. पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा त्यांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. मग सवय झाली, आणि निवृत्तीपर्यंत तर त्या नावाचा थोडा अभिमानही वाटायला लागला. बायको सांगायची, "मला मागणी घालतानासुद्धा हे 'बहुधा' म्हणाले होते." ती चाळीस वर्षं दवाखान्यात हेडनर्स होती; तिच्या बोलण्यात 'बहुधा'ला जागा नव्हती.

अशा माणसानं अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कादंबरी लिहिली, आणि तीही तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी, हे त्यांचं त्यांनाच कधीकधी खरं वाटत नसे. सोमवारी सकाळी छापखान्यातून प्रुफं आली तेव्हा त्यांनी पहिलं पान हातात धरून बराच वेळ नुसतं पाहिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन बायकोला दाखवलं. मग परत येऊन पुन्हा पाहिलं.

कादंबरीमागे एक जुनी बोच होती. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्यांच्या प्रबंधात दोनशे चौदाव्या पानाच्या तळाशी एक टीप होती: 'त्या वर्षी नदीपलीकडच्या वस्तीतून सुमारे तीनशे लोक हलवण्यात आले.' बस्, एवढंच. हलवण्यात आले, कपाट हलवावं तसे. आणि सुमारे. परीक्षकांनी त्या टिपेकडे पाहिलंही नव्हतं.

युद्ध जवळ आलं होतं. नदीपलीकडच्या माणसांची भाषा वेगळी, म्हणून सरकारला त्यांचा भरवसा वाटेना. एका सकाळी त्यांना चाळीस मिनिटं दिली गेली. माणशी एक गाठोडं घेऊन ती मालगाडीत चढली आणि उत्तरेच्या मिठागरांवर नेली गेली. पहिल्या हिवाळ्यानंतर त्यांची नोंद नाही. परत कुणीच आलं नाही. ती भाषा बोलणारंही आज कुणी उरलेलं नाही.

मागे राहिले फक्त दोन कागद. एक, सात पानांची यादी, जिच्यात नावं नव्हती: घर क्रमांक, धंदा, माणसं. आणि दुसरा, पहाऱ्यावरच्या एका शिपायाचा नंतर घेतलेला जबाब. त्यात तो म्हणतो, 'घर सोडताना ही माणसं उंबऱ्यावर थांबत, मागे वळून घराकडे बघत आणि एक शब्द बोलत. सगळ्यांचा शब्द एकच होता. मला त्यांची भाषा येत नाही.'

सरांनी त्या रिकाम्या जागी एक शब्द घातला. सगळ्या आयुष्यात पुरावा नसताना त्यांनी लिहिलेला हा एकच शब्द. निघणारा माणूस दाराशी दुसरं काय म्हणणार? त्यांनी लिहिलं, 'येतो.'

२

"सर, एक काम करा," संपादिका फोनवर म्हणाली होती. प्रकाशनगृहात मुलांची पुस्तकं तीच बघायची. बोलणं भरभर आणि मधे मधे हसणं. "प्रुफं मनात वाचू नका. मोठ्यानं वाचा. तुम्ही जिथे अडखळाल तिथे पोरं पुस्तक मिटतात."

"म्हणजे वर्गात वाचल्यासारखं?"

"अगदी वर्गात वाचल्यासारखं. आणि खाली टिपा काढायला लागू नका प्लीज."

एक घर म्हणजे एक प्रकरण, आणि रोज सकाळी एक प्रकरण, असं सरांनी ठरवलं. सोमवारी पहिलं घर: शिंपीकाम, माणसं एक. तो विधुर शिंपी. शिपाई दारात असताना तो अर्धवट शिवलेल्या कोटाची बाही पुरी करतो, दोरा दातानं तोडतो, कोटाची नीट घडी करून तो ज्या शेजाऱ्याचा त्याच्या दारावर अडकवतो, दुकान झाडतो आणि मगच गाठोडं उचलतो. हा भाग सरांना स्वतःलाच फार आवडायचा. त्यांचा आवाज वाचता वाचता सुटला. निवृत्तीनंतर इतका सुटला नव्हता.

"उंबऱ्यावर तो थांबला," सरांनी वाचलं. "मागे वळला. म्हणाला, येतो."

खाली जिन्याचं दार वाजलं.

सर तिसऱ्या मजल्यावर राहत. समोरची खोली वर्षभर कुलपात होती, म्हणजे तिसरा मजला चढून येणारा माणूस यांच्याकडेच येणार. पावलं चढू लागली. जड बूट होते, संथ. पहिला मजला, वळण, दुसरा मजला, वळण. मग दाराबाहेर काहीतरी मऊ आणि वजनदार खाली ठेवल्याचा आवाज झाला.

सर बेलची वाट बघत राहिले. बेल वाजली नाही. एखादं मिनिट थांबून ते उठले, दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. जिन्याच्या झरोक्यातून सकाळचा उजेड पायऱ्यांवर पडला होता, आणि पायपुसणं जागचं सरकून भिंतीला टेकलं होतं.

"कोण आहे?" बायकोनं आतून विचारलं. कानातलं यंत्र ती सकाळची कामं आटपल्याशिवाय लावत नसे. "जगाला अकरापर्यंत मी दिसते, जग मला ऐकू येत नाही," असं तिचं म्हणणं.

"कुणी नाही," सर मोठ्यानं म्हणाले.

"मग गार कुठून आलं?"

३

मंगळवारी दुसरं घर. शाळामास्तरणी, माणसं दोन, दोघी बहिणी. धाकटी फळ्यावरची कालची तारीख पुसून आजची घालते आणि थोरली म्हणते, चल, तास संपला. दोघी 'येते' म्हणतात, एकीपाठोपाठ एक.

शब्द तोंडातून बाहेर पडला आणि जिन्याचं दार दोनदा वाजलं.

या वेळी पावलं हलकी होती, जोडीची. कुणीतरी कठड्यावर हात ठेवत येत होतं. लोखंडावर अंगठी लागल्याचा बारीक आवाज दर तीन-चार पायऱ्यांनी येत होता. पावलं तिसऱ्या मजल्यावर आली आणि थांबली. आधीपासून तिथे असलेल्या कुणीतरी थोडं बाजूला सरकून जागा दिल्यासारखे जड बूट घासले.

सर जागेवरून हलले नाहीत. त्यांनी वहीत लिहायला घेतलं, कारण भीती वाटली की लिहायचं ही त्यांची जन्माची रीत होती. एक, वरच्या गच्चीवर कुणी असेल. दोन, नळाच्या पाइपात हवा. तीन, रक्तदाब. चार, आपण गोष्ट फार जीव ओतून लिहिली आहे आणि म्हाताऱ्याचं डोकं आहे. चौथ्या मुद्द्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या निष्कर्षांना ते जसं नाक मुरडत आले होते, तसंच आता त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेल्यालाही मुरडलं.

दुपारी दार उघडलं तेव्हा जिना रिकामा होता. पण दरवाजाची बाहेरची बाजू हाताला बर्फासारखी लागली, आणि आतली नेहमीसारखी.

बुधवारी तिसरं घर होतं. माणसं एक, लकवा झालेला म्हातारा, वाचा गेलेली. शेजाऱ्यांनी त्याला खुर्चीसकट उचलून नेलं. सरांनी प्रकरण संपवलं, चष्मा काढला आणि कान देऊन बसले. जिन्याचं दार वाजलं नाही. पाव तास गेला, अर्धा तास गेला. सर स्वतःशीच हसले. पाइप, दुसरं काय.

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी बायकोच्या हातचा चहा घेतला आणि "आज बरं वाटतंय" असंही म्हणाले. कप अर्धा रिकामा झाला होता तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. ते उठून टेबलाशी आले, तिन्ही प्रकरणं शेजारी शेजारी ठेवली आणि बोटानं ओळी तपासत गेले.

तिसऱ्या प्रकरणात तो शब्द नव्हता. म्हाताऱ्याची वाचा गेलेली होती. तो काही बोललाच नव्हता.

४

चौथं घर पुस्तकाचं काळीज होतं. बेकरी, माणसं पाच. त्यातली थोरली मुलगी तेराची, आणि ती या गोष्टीची नायिका. तिनं पहाटे पीठ भिजवून लाकडी काठवटीत फुगायला ठेवलं आहे. दारात शिपाई आल्यावर ती आईला विचारते, याचं काय करू? आई म्हणते, झाकून ठेव, आपण आल्यावर बघू. दोन दिवसांनी कुणीतरी दार फोडतं तेव्हा पीठ काठवटीबाहेर येऊन जमिनीवर उतरलेलं असतं. हे पान लिहिलं त्या दिवशी सरांनी पेन खाली ठेवून खिडकीबाहेर पाहिलं होतं आणि त्यांना वाटलं होतं, हे मात्र आपल्याला जमलं.

गुरुवारी सकाळी ते पान हातात घेऊन सर बराच वेळ बसले. वाचायचं नाही, असं एकदा ठरवलं. पण आपण वर्गाला घाबरून तास कधी बुडवला नाही, असं स्वतःला सुनावून त्यांनी सुरुवात केली. बाप म्हणाला, येतो. आई म्हणाली, येते. धाकटे दोघे म्हणाले. सगळ्यांत शेवटी मुलगी, कडी लावता लावता, "येते हं."

जिन्याचं दार उघडलं ते बराच वेळ उघडं राहिलं. पावलं चढू लागली: एक भारी, एक भागलेली, दोन फरफटत येणारी, आणि एक जोडी दोन-दोन पायऱ्या टाकत सगळ्यांच्या पुढे. तेराव्या वर्षी कुठलीही मुलगी चढते तशी. ती तिसऱ्या मजल्यावर पहिली पोचली आणि धापा टाकत थांबली. दाराच्या फटीतून आंबट पिठाचा वास आत आला.

आता बाहेर आठजण होते. ती माणसं आली आणि नाहीशी झाली असं आज वाटेना. ती उभी होती. कुणी पायावरचा भार बदलला. कुणी तोंडावर हात धरून खोकलं, दुसऱ्याच्या घराबाहेर भिडस्त माणूस खोकतो तसं. गाठोडी भिंतीला लागत होती. बेल कुणी वाजवत नव्हतं. दारावर थाप नव्हती. ती नुसती वाट बघत होती. आणि या चांगुलपणानंच सरांच्या मानेवरचे केस उभे राहिले.

ते दबकत दाराशी गेले. दाराला बाहेर बघायचं भिंग होतं. त्यांनी डोळा लावला. झरोक्यातला उजेड, कठडा, समोरचं कुलूप, असं रोज दिसायचं. आज काही दिसलं नाही. भिंग काळं होतं, पलीकडून कुणी अगदी जवळ उभं राहिल्यावर होतं तसं.

मग त्या काळ्यात काहीतरी मिटलं आणि पुन्हा उघडलं.

५

"सर, रागावणार नसाल तर सांगते," संपादिका म्हणाली. शुक्रवारी साडेआठलाच फोन आला होता. सर स्वयंपाकघरात बसले होते, टेबलापासून आणि पुढच्या दारापासून जितकं लांब बसता येईल तितके लांब.

"बोला."

"शाळांच्या शिफारशीसाठी पाठवलं होतं ना, त्या तज्ज्ञांनी वाचलं. भरभरून आवडलं त्यांना. फक्त ते 'येतो'. त्यांचं म्हणणं, याला आधार काय? शब्द कुणाला माहीत नाही, आणि आपण तो दर प्रकरणात छापतोय. शिवाय ती माणसं आली नाहीत ना परत. मुलं विचारतील, येतो म्हणाले मग आले का नाहीत?"

सरांनी पुढच्या दाराकडे पाहिलं.

"म्हणून ते म्हणतात, 'जातो' करा. नाहीतर खाली एक टीप द्या, की शब्दाचा अर्थ अज्ञात." ती हसली. "तुम्हाला टीप द्या म्हणून सांगायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं हो."

"त्यांचं ऐकलं नाही तर?"

"तर ते शिफारसपत्र देणार नाहीत. मग शाळांच्या वाचनालयांचं कठीण आहे. सोमवारी पानं छपाईला जातात, सर. एका शब्दाचाच प्रश्न आहे."

खरं तर सरांना सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची त्यांना त्याच क्षणी लाजही वाटली. तज्ज्ञाचं चुकत काय होतं? चाळीस वर्षं त्यांनी स्वतः मुलांच्या वहीत तांबड्या शाईनं हेच लिहिलं होतं: आधार? एक अक्षर बदललं की सगळं नीट होणार. पुस्तक शाळांत जाणार. तज्ज्ञ खूश होणार. आणि दाराबाहेर उभी असलेली ती आठ माणसं, जी नाहीतच, ती नसतील.

"बघतो," सर म्हणाले.

६

त्यांनी तांबडं पेन घेतलं. पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करायला हवी होती, पण समोर चौथंच उघडं होतं, म्हणून त्यांनी शेवटचीच ओळ धरली. 'येते हं'मधल्या 'ये'वर आडवी रेघ मारली, वर 'जा' लिहिलं. संशोधकाला हवी तशी चाचणी, असं ते मनाशी म्हणाले. एकच घटक बदलायचा, बाकी सगळं तसंच. मग घसा साफ करून वाचलं.

"कडी लावता लावता ती म्हणाली, जाते हं."

बाहेरची हालचाल थांबली. कुणी खोकेना, कुणाचं गाठोडं भिंतीला लागेना. वर्गात एखाद्या पोराला उगीच ओरडावं आणि बाकी सगळ्यांनी खाली मान घालावी, तशी ती शांतता होती.

मग एक जोडी पावलं जिना उतरू लागली. एकच. लहान. या वेळी एकेक पायरी, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. दुसरा मजला. वळण. मागून कुणी हाक मारली नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं की सांगितलं की निघायचं असतं.

सरांच्या हातातून पेन पडलं. आपण काय केलं ते त्यांना त्या उतरणाऱ्या पावलांनी सांगितलं. एकदा त्या मुलीला चाळीस मिनिटं दिली होती. आपण तीही दिली नाहीत.

"थांब," ते म्हणाले आणि दाराकडे धावले. धावले म्हणजे त्यांच्या वयाला जमेल तसे. दार उघडताना त्यांनी आजूबाजूला बघितलं नाही. अंगाला चहूबाजूंनी गारठा लागला, जाड लोकरीच्या कपड्यांमधून वाट काढल्यासारखं झालं, आणि ते कठडा धरून उतरत सुटले. दोन गुडघ्यांनी तीन मजले. खालचं दार नुकतंच मिटत होतं.

रस्त्यावर सकाळ होती. समोरचा न्हावी दुकानाचं शटर वर ढकलत होता. एक बाई पिशवी घेऊन चालली होती, एक सायकल भिंतीला टेकवलेली होती. रस्ता थेट स्टेशनापर्यंत सरळ जायचा आणि त्याच्या टोकापर्यंत कुणी मुलगी नव्हती.

"काय सर, काही हरवलं?" न्हाव्यानं विचारलं.

"एक मुलगी गेली का इथून?"

"आत्ता? नाही बुवा." त्यानं सरांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. "बसता का जरा?"

सर वर आले तेव्हा दम लागल्यानं त्यांना बोलवेना. बायको दारात उभी होती. यंत्र कानात नव्हतं.

"कुणाला सोडायला गेला होतात?" तिनं विचारलं.

७

त्यांनी तिला सगळं सांगितलं. यंत्र लावून, समोर बसून, मधे एकही शब्द न बोलता तिनं ऐकलं. नाडी बघताना बसायची तशी, त्यांचं मनगट धरून.

"तुला वेड लागलेला वाटतो मी?"

"तुमची नाडी एकशे दहा आहे. वेडाचं नंतर बघू." मग ती म्हणाली, "भीती कशाची वाटतेय? त्यांची?"

सरांनी विचार केला. "त्यांचीही वाटते. पण जास्त भीती वेगळीच आहे. मी अंदाजानं लिहिलेला शब्द बरोबर निघाला, याची."

"अहो, बरोबर निघाल्याची भीती वाटणारा माणूस मी पहिलाच बघतेय."

"चूक असतो तर खोडून मोकळा झालो असतो. बरोबर असेल तर तो त्यांचा आहे, माझा नाही. मला खोडायचा हक्क नाही."

बायकोनं मनगट सोडलं. "दवाखान्यातून पेशंट घरी निघाला की मोठी पंचाईत व्हायची आमची," ती म्हणाली. "'या' म्हणता येत नाही, दवाखान्यात परत कोण बोलावणार. आणि 'जा' तर जिभेवर येत नाही. मग आम्ही नुसता हात वर करायचो. चाळीस वर्षांत एकाला 'जा' म्हटलं नाही मी." ती उठली. "तुम्ही त्या पोरीला म्हणालात."

सरांनी तिथूनच संपादिकेला फोन लावला.

"शब्द राहील," ते म्हणाले.

"सर, पण आधार..."

"त्या शिपायानं ऐकलेला शब्द हाच होता."

"बहुधा हाच असेल, मान्य आहे, पण..."

"बहुधा नाही. हाच होता. टीप देणार नाही आणि प्रस्तावनेतलं 'सुमारे'सुद्धा काढा. मी यादी पुन्हा मोजली आहे, तीनशे सात माणसं आहेत. शिफारस नसली तर नसू दे. मी स्वतः एकेका शाळेत जाऊन वाचून दाखवीन. मला वाचून दाखवता येतं, तुम्हीच म्हणालात."

"सर," ती म्हणाली, आणि आवाजात हसू नव्हतं, "तुमचा आवाज आज वेगळाच लागतोय. मी तज्ज्ञांशी बोलते. शब्द ठेवते."

फोन ठेवताना सरांना आपण एक वीत उंच झाल्यासारखं वाटलं.

८

त्यांनी 'जा'वर काट मारली आणि बाजूला समासात स्वच्छ अक्षरात 'ये' लिहिलं. चष्मा पुसला. मग पुढचं दार सताड उघडलं, त्याला आतून खुर्ची लावली आणि टेबलाशी परत आले. दाराबाहेर कुणी दिसत नव्हतं. फक्त झरोक्यातला उजेड पायऱ्यांपर्यंत पोचत नव्हता, मधेच कशालातरी अडत होता.

त्यांनी पान उभं राहून वाचलं. बाप, आई, धाकटे दोघे. आवाज एकदाही कापला नाही. "कडी लावता लावता ती म्हणाली, येते हं."

काहीच झालं नाही. खाली न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी बोलत होतं. सर पानावरच नजर ठेवून उभे राहिले. पोचायला वेळ लागणार. मिठागरं लांब आहेत, असा एक वेडा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो वेडा आहे असं या वेळी त्यांनी स्वतःला म्हटलं नाही.

जिन्याचं दार वाजलं. एक पायरी, आणखी एक. पहिल्या वळणावर पावलं थांबली, खात्री करून घेतल्यासारखी. आणि मग दोन-दोन पायऱ्या टाकत वर आली.

सरांनी मान वर केली.

दाराच्या चौकटीवर चार बोटं होती. लहान, लालसर, भेगा पडलेली, आणि भेगांत पांढरं काहीतरी बसलेलं. पीठ नव्हतं ते. एक खांदा दिसला, शालीचं टोक दिसलं. चेहरा चौकटीच्या आड होता आणि सर तिला पुढे ये म्हणाले नाहीत. तिच्या मागे जिना होता. तिथे आता आठच माणसं नव्हती. खालच्या वळणापर्यंत, आणि वळणाच्या खालीही, जाड कोटांचे खांदे एकमेकांना लागून उभे होते. सरांनी अजून न वाचलेल्या घरांतले. कुणीतरी टोपी काढली. मग त्याच्या खालच्यानं काढली, मग त्याच्या खालच्यानं. टोप्या एकेक करत जिना उतरत गेल्या. केसांवर पांढरं होतं, बर्फासारखं, पण घरातल्या उबेत ते वितळत नव्हतं.

टेबलाचा आधार होता, तो सरांनी सोडला. हात बाजूला सरळ केले, मान ताठ केली, आणि मोठ्या माणसांपुढे उभं राहावं तसे ते उभे राहिले. आयुष्यात इतकं घाबरल्याचं त्यांना आठवत नव्हतं, आणि इतका ऊरही कधी भरून आला नव्हता.

चौकटीवरची बोटं सुटली. एक पाऊल उंबऱ्याच्या आत पडलं.

"अहो," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "किती गार येतंय. दार लावून घ्या ना आता."

"राहू दे उघडं," सर म्हणाले. "अजून मागे आहेत."